म्हशीचा परिच्छेद

भूपाल,

परवा तुझं रक्षाविसर्जन झालं तेव्हा पंचगंगेवर इतकं धुकं होतं की घाटाच्या वरच्या पायऱ्या दिसत होत्या आणि पाणी दिसत नव्हतं. पलीकडच्या काठाला कुणाच्या तरी म्हशी पाण्यात होत्या. त्याही दिसत नव्हत्या. त्यांचं फुरफुरणं ऐकू यायचं आणि मधूनच एखादी काळी पाठ धुक्यातून वर येऊन पुन्हा नाहीशी व्हायची. सगळे डोळे पुसत होते. तुझा मुलगा खालच्या पायरीवर वाकला होता. मला मात्र, खरं सांगतो, रडू येत नव्हतं, तुझ्याशी भांडावंसं वाटत होतं. गेला तरी ह्या माणसाने आपली म्हैस आणलीच, असं मनात आलं आणि मी तोंड फिरवून घेतलं. लोकांना वाटलं मला हुंदका आला.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू गेलास म्हणून मी ते सोडून देईन असं समजू नकोस. वस्तादांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची आहे, मजकूर नीट करून द्यायचं काम माझ्याकडे आहे आणि छापखान्याने आठवड्याची मुदत दिली आहे. त्यात तुझी म्हैस ठेवायची की काढायची, हे आता मला एकट्याला ठरवायचंय. इतकी वर्षं तू समोर उभा असायचास, त्यामुळे 'काढायची' म्हणणं किती सोपं होतं ते आज कळतंय.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगतो. तू गेल्यापासून मला सगळ्याच गोष्टी पहिल्यापासून सांगाव्याशा वाटतात. आणि मी सांगायला लागलो की तू मधेच तोडायचास, ते आता होणार नाही.

आपण एकाच तालमीत मर्दानी खेळ शिकलो. तू गडमुडशिंगीहून सायकल मारत यायचास, मी मागच्या गल्लीतून चालत. लाठी, पट्टा, फरी-गदका. वस्ताद शिकवताना फारसं बोलत नसत. चूक झाली की लाठीच्या टोकाने आपल्या घोट्याला नुसता स्पर्श करत, आणि आपण समजायचं की हात नाही, पाऊल चुकलंय. अशा माणसाने म्हातारपणी पुस्तक लिहिलं, हाच मोठा चमत्कार. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते छापून आलं. नाव 'पाऊल आधी'. तोवर मी हायस्कुलात मराठीचा मास्तर झालो होतो आणि तू बँकेत कॅशियर. सकाळी तालमीत आपण घाम गाळायचो आणि दिवसा मी मुलांच्या आणि तू नोटांच्या गराड्यात.

पुस्तक कसं होतं? त्यातलंच सांगतो. "उजवं पाऊल पुढं टाक. नजर त्याच्या खांद्यावर ठेव. हाताकडं बघू नको. हात खोटं बोलतो. वार नंतर. चुकला तर परत जागेवर ये." बस. पानंच्या पानं हेच. एक विशेषण नाही, एक उपमा नाही. इतिहासाचा पोवाडा नाही, की शत्रूला शिव्या नाहीत. मी तर वाचून वेडा झालो. मुलांचे निबंध तपासून तपासून माझ्या जिभेला शेवाळ आलं होतं, त्यावर कुणी वाळू घासावी तसं वाटलं.

पेठेत मात्र ह्या लिहिण्यावरून दोन तट पडले. तालमीसमोरचा हॉटेलवाला आण्णा म्हणाला, "ह्यापेक्षा लाइटीचं बिल गोड असतंय." कुणी म्हणालं वस्तादांनी शिकवायचं सोडून लिहायच्या भानगडीत पडायला नको होतं. वाचनालयात पुस्तकावर बैठक झाली, तिथं एका निवृत्त प्राध्यापकांनी चष्मा पुसत सांगितलं की ह्या लेखनाला शैलीच नाही. मी ताडकन उठलो. म्हटलं, सर, शैली दिसत नाही हीच ह्यांची शैली. टाळ्या पडल्या. मी बसणार इतक्यात मागून तुझा आवाज आला.

"दोघंबी चुकताय. शैली हाय, आन ती दिसतीया बी. उठायचा धडा काढा."

आणि तू तो परिच्छेद वाचलास. एका गुडघ्यावर बसलेल्या खेळाडूने उठावं कसं, ह्या धड्याच्या ऐन मध्यावर तो होता. मला आजही पाठ आहे. पाठ नसता तर बरं झालं असतं.

"म्हैस पाण्यातून उठते तेव्हा आधी मागचे पाय उचलते. पुढचे गुडघे टेकलेलेच असतात. मग पुढचा एक पाय, आणि जरा थांबून दुसरा. ह्या वेळी तिला हाकू नये, ओढू नये. माणसाने तिच्या डाव्या बाजूला, अर्धे पाऊल मागे उभे राहावे. ती आपल्याकडे बघत नसते, पण आपण कुठे आहोत हे तिला ठाऊक असते."

प्राध्यापकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "आता बोला, ह्यो मानूस कोरडा हाय व्हय?"

बाहेर पडल्या पडल्या मी तुला दारात अडवलं. म्हटलं, भूपाल, हे वस्तादांनी लिहिलेलं नाही.

"का न्हाय?"

कारण वस्ताद 'माणसाने उभे राहावे' असं म्हणत नाहीत, 'उभा रहा' म्हणतात. कारण अख्ख्या पुस्तकात ते कुठंच थांबलेले नाहीत आणि इथं 'जरा थांबून' म्हणतात. कारण ह्या वाक्यांना घाई नाही. हा दुसऱ्याच कुणाचा तरी श्वास आहे.

तू हसलास. तुझं ते खांदे हलवत हसणं. "मास्तर, तुझ्या बायकोला इचार, तू सकाळी येगळा असतोस आन शाळंतनं आल्यावर येगळा. म्हंजे तिनं काय दोन नवरं केल्यात?"

तिथून जे सुरू झालं ते गेल्या आठवड्यापर्यंत चाललं. चहाच्या टेबलावर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर माझ्या सासऱ्यांच्या मयताला जाताना जीपमध्ये. तुझं म्हणणं, वस्तादांचं खरं मन त्या एका परिच्छेदात आहे, बाकीचं पुस्तक म्हणजे त्याला घातलेलं कुंपण. माझं म्हणणं, कुंपण हेच शेत आहे आणि तुझी म्हैस त्यात चुकून शिरली आहे. दोघांनाही आपापलं इतकं पटलेलं की समोरच्याचं ऐकायची गरजच उरली नव्हती. मला वाटतं आपण त्या भांडणाच्या निमित्ताने रोज भेटत होतो. भांडण मिटलं असतं तर काय बोललो असतो?

मग तुझी स्कूटर पन्हाळ्याच्या वळणावर घसरली.

ते दिवस आता माझ्या डोळ्यांसमोर सलग येत नाहीत, झोपेत बघितल्यासारखे येतात. गडमुडशिंगीतलं तुझं घर. दर रविवारची दुपार. तू खालीच अंथरुणावर, कारण कॉटवरून उतरणं जमत नव्हतं. प्लास्टर निघालं होतं, पण मांडी वाळलेल्या उसासारखी झाली होती आणि डॉक्टरांनी खेळ विसरा असं सांगितलं होतं. खिडकीबाहेर गोठा. गोठ्यात तुमची ती एक शिंग वाकडं असलेली म्हैस. कडबा चघळल्याचा आवाज, माश्यांचा आवाज, लांब कुठंतरी पाण्याची मोटर. वहिनी ताक आणून द्यायच्या, आणि ताक पिऊन मलाच डुलकी लागायची. जागा झालो की तू तसाच खिडकीकडे बघत असायचास. तू बोलत नव्हतास. मी मुद्दाम वस्तादांचं पुस्तक काढायचो, मुद्दाम म्हशीची टिंगल करायचो, तरी तू भांडत नव्हतास. त्या वेळी मी पहिल्यांदा घाबरलो.

आणि एका रविवारी तू म्हणालास, "वाच."

"काय?"

"म्हशीचं वाच. पर सावकाश. मास्तरावानी वाचू नगंस."

मी वाचायला लागलो. तू कूस बदललीस, हातावर भार घेतलास. "आधी मागचे पाय" आलं तसा थांबलास आणि मला विचारलंस, "माझं मागचं पाय कंचं रं मास्तर?" आपण दोघं इतके हसलो की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. मग तुझं तुलाच सापडलं. दुखरा गुडघा टेकलेलाच ठेवायचा, भार मागच्या टाचेवर घ्यायचा, कंबर आधी वर उचलायची, छाती नंतर. "जरा थांबून" वाचलं तेव्हा तू खरोखरच थांबलास. तुझा घाम हनुवटीवरून फरशीवर पडत होता. बाहेर म्हैस रवंथ करायची थांबली होती, निदान मला तसं आठवतं. तू उभा राहिलास. भिंत न धरता.

वहिनी मुसमुसत होत्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "तू हितं का हुबा हायस?"

मी तुझ्या डाव्या बाजूला होतो. अर्धं पाऊल मागे. पुस्तक हातात तसंच उघडं. मला कळलंही नव्हतं मी कधी सरकलो ते.

"लिहिलंय तसं," मी म्हणालो.

त्यानंतर वर्षभरात तू तालमीत परतलास आणि त्या उठण्याचा एक पवित्राच केलास. एका गुडघ्यावर बसलेला खेळाडू, पट्टा खाली टेकलेला, मग आधी मागून उठणं, मधे तो थांबा, आणि त्या थांब्यानंतर वर येणारा वार. समोरच्याला वाटायचं हा अडखळला. तेवढ्यात पट्टा त्याच्या खांद्याशी असायचा. हलगीवाल्यांना तू त्या जागी ठेका सैल करायला शिकवलंस. तू नुसता "म्हैस!" म्हणून ओरडायचास आणि पोरं बसलेल्या जागेवरून धुक्यातून आल्यासारखी वर यायची. एकदा बाहेरगावचे एक अभ्यासक आले होते. त्यांनी हा पवित्रा बघून वहीत लिहून घेतलं की ही चाल फार जुनी, किल्ल्यांच्या काळातली असावी. तू हात जोडून म्हणालास, "आसंल की पावणं, आमाला काय म्हाईत." मी खांबाआड जाऊन हसून घेतलं.

हे सगळं रंगात आलं असताना छापखान्यातल्या चाचांनी बॉम्ब टाकला. चाचा म्हणजे जुने कंपोझिटर, खिळे जुळवणारे. मी प्रुफं वाचायला तिथं जात असे. तू मला न्यायला आला होतास. कशावरून तरी वस्तादांच्या पुस्तकाचा विषय निघाला आणि चाचा सहज बोलून गेले, "त्या पुस्तकाच्या टायमाला माझ्या हातनं जुळवल्याल्या खिळ्यांचा ट्रे पडलता. जनावरं पाळायचं एक पुस्तक चाललं हुतं बाजूला. सगळं एकात एक झालं. लावलं परत जमंल तसं. मालकाला न्हाय सांगितलं."

मी तुझ्याकडे बघितलं. आयुष्यात इतका जिंकलो नव्हतो कधी. म्हैस दुसऱ्या पुस्तकातली होती! माझे कान खरं बोलत होते, दुसऱ्याचाच श्वास होता तो. मी काही बोलणार तेवढ्यात तू चाचांना विचारलंस, "म्हंजे वस्तादांचं उठायचं लिवल्यालं त्या जनावरांच्या पुस्तकात गेलं?"

"गेलं आसंल की."

तू मटकन बाकावर बसलास आणि पोट धरून हसायला लागलास. "म्हंजे मास्तर, कुटंतरी एकांदा शेतकरी म्हशीला सांगत आसंल, नजर खांद्यावर ठेव, हाताकडं बघू नको!" चाचा हसले, मीही हसलो, आणि माझा विजय त्या हसण्यात कुठं वाहून गेला ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

त्या जनावरांच्या पुस्तिकेचा आपण शोध घेतला. गावोगावच्या दूध डेऱ्यांत विचारलं, तुझ्या नात्यातल्या झाडून सगळ्यांना विचारलं. कुणाकडे नव्हती. वस्तादांचं हस्तलिखितही छापखान्यात कधीच रद्दीत गेलेलं. म्हणजे वस्तादांनी उठण्याबद्दल खरोखर काय लिहिलं होतं, ते आता कुठंच नाही. त्या जागी फक्त तुझी म्हैस आहे.

"तरीबी वस्तादांनी छापल्यालं वाचलंच आसंल," तू म्हणालास. "वाचलं आन ठिवलं. म्हंजे त्येंचंच झालं."

ह्यावर एकच उपाय होता. वस्तादांनाच विचारायचं, जे धाडस आपण इतकी वर्षं केलं नव्हतं.

ते तेव्हा आजऱ्याला लेकीकडे राहायला गेले होते. आपण एसटीने गेलो. घराच्या मागे काजूची झाडं, अंगणात भात वाळत घातलेला, आणि त्या भाताच्या वासाने सगळी दुपार जड झालेली. वस्ताद खुर्चीत बसले होते. फार बारीक झाले होते. डोळ्यांना दिसत नव्हतं. लेकीने आपली नावं सांगितली तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि तुझा हात नाही धरला, वाकून घोटा चाचपला. "बरा झाला की," म्हणाले. स्कूटरचं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे.

मी सरळ विषयाला हात घातला. वस्ताद, एक वाचून दाखवतो, तुम्ही लिहिलंय का सांगा. आणि म्हैस वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. अंगणात कोंबड्या भाताकडे येत होत्या आणि लेक त्यांना हाकलत होती.

"पुन्ना वाच."

मी पुन्हा वाचलं.

"चांगलं लिवलंय," वस्ताद म्हणाले. "कुनी लिवलंय?"

मी तुझ्याकडे बघितलं. तूही माझ्याकडे बघितलंस. दोघांच्याही तोंडावर 'बघ, मी म्हणत नव्हतो?' हेच होतं. त्यांनी लिहिलेलं नव्हतं, म्हणजे मी जिंकलो. त्यांना आवडलं होतं, म्हणजे तू जिंकलास. मला एवढ्यावर भागेना. मी पानं उलटली आणि माझा लाडका धडा काढला, पहिला, ज्यातलं प्रत्येक वाक्य दगडी पायरीसारखं आहे. तो तर शंभर टक्के त्यांचा. वाचला.

वस्तादांनी कपाळाला आठ्या घातल्या. "ह्यो कोन? लई चिडका मानूस दिसतोय."

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसला होतास. सगळा घाट तू हसत होतास आणि मी फुगून बसलो होतो. मग केव्हातरी हसणं थांबलं. बाहेर ऊन कलंडत होतं आणि झाडांच्या सावल्या तुझ्या चेहऱ्यावरून सरकत होत्या. तू म्हणालास, "आपलं लिवल्यालं इसरूनश्यान जायाचं, आन दुसऱ्याचं ऐकून चांगलं हाय म्हनायचं. किती ग्वाड म्हातारपन हाय रं." मला तेव्हा ते गोड वाटलं नव्हतं. आता वाटतं, पण सांगायला तू नाहीस.

वस्ताद गेले त्यालाही वर्षं झाली. दर खंडेनवमीला शस्त्रांच्या पूजेत आपण पट्ट्याशेजारी त्यांचं पुस्तक मांडतो. दरवर्षी कुंकू लावून लावून मुखपृष्ठावरचं नाव दिसेनासं झालंय. तू पुस्तक ठेवताना मुद्दाम त्या पानावर उघडं ठेवायचास, मी पूजा संपायच्या आत मिटायचो. पुजारी आपल्याला काय समजत असेल देव जाणे.

आणि आता ही नवी आवृत्ती. आपल्या तालमीत हल्ली मुली जास्त येतात, तूच आणल्यास. त्यांच्यासाठी पुस्तक हवं म्हणून तूच मागे लागलास, आणि काम माझ्या गळ्यात घातलंस. मी पहिल्याच दिवशी सांगितलं, म्हैस काढणार. जागा रिकामी राहिली तर राहू दे. तिथं लिहू, मूळ मजकूर हरवला आहे. वस्तादांच्या नावावर दुसऱ्याचं वाक्य उभं करणं मला जमणार नाही. लोक उद्या म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की हा माणूस एकीकडं असा लिहितो आणि एकीकडं तसा, म्हणजे ह्याचा हातच बसलेला नव्हता.

गेल्या आठवड्यात सकाळी आपण घाटावर फिरायला गेलो तेव्हा तू पहिल्यांदाच हसण्यावारी नेलं नाहीस. पायरीवर बसलास. दम लागला होता तुला, मला वाटलं रागाने.

"मास्तर, तू लिवनाऱ्याचं बघतोस, मी उठनाऱ्याचं बघतोय."

"पुस्तक लिहिणाऱ्याचं असतं."

"आसू दे की. पर त्या पोरींनी उठायचं कसं? तुझ्या रिकाम्या जागंतनं?"

मी म्हटलं, तू शिकवतोस ना, मग पुस्तकात कशाला हवं. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलास. मग नदीकडे. मग म्हणालास, "एक सांगायचं हाय तुला त्या म्हशीचं. पर आत्ता न्हाय. तू भांडायच्या मूडमदी न्हाईस तवा सांगतो."

"मी कधी भांडायच्या मूडमध्ये नसतो?"

"व्हय की. त्योच तर घोळ हाय," म्हणालास आणि उठलास. कसा उठलास ते मी बघितलं नाही. चपला शोधत होतो.

दोन दिवसांनी वहिनींचा फोन आला.

तू काय सांगणार होतास? रक्षाविसर्जनानंतर मी तुझ्या घरी गेलो तो हेच मनात घेऊन. गोठा रिकामा आहे आता, खिडकी तीच. वहिनींनी सवयीने ताक पुढे केलं आणि मग त्यांनाच भडभडून आलं. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "भावजी, तुमाला एक इचारू? ते काय म्हनायचे वो, रोज सकाळी उठताना?"

"काय म्हणायचा?"

"आधी मागचे पाय, पुढचे गुडघे टेकलेलेच. हातरुनात बसून म्हनायचे, मग उठायचे. स्कूटरवरनं पडल्यापासनं एक दिवस चुकवलं न्हाई. मग णमोकार मंत्र. मी इचारलं तर म्हनायचे, मास्तराला इचार, त्येला समदं म्हाईत हाय. मला वाटायचं, कंचं तरी स्तोत्र आसंल."

मी ताकाचा पेला खाली ठेवला. तिथं मात्र मला रडू आलं, भूपाल. तुझ्या बायकोसमोर, तुझ्या मुलासमोर, चांगलं मोठ्याने. घाटावरचं शिल्लक होतं ते सगळं आलं.

हेच सांगणार होतास का? की दुसरंच काही? आता ते कळायचं नाही आणि मी उगाच तुझ्या तोंडी काही घालणार नाही. तेवढी शिस्त मला वस्तादांनी लावली आहे. पण इतकं कळलं की ज्या वाक्यांना मी चुकून शिरलेली म्हणत होतो ती धरून एक माणूस इतकी वर्षं रोज अंथरुणातून उठत होता. कुठल्या लेखकाला असा वाचक मिळाला असेल? वस्तादांना नाही. त्यांना माझ्यासारखा मिळाला, वाक्यावर खूश होऊन टाळ्या वाजवणारा.

तिथून तालमीत गेलो. सुतक म्हणून हलगी नव्हती. मुली ओळीने एका गुडघ्यावर बसल्या होत्या, पट्टे मातीला टेकलेले. तुझी जागा समोर मोकळी सोडली होती. कुणी ओरडलं नाही. त्यांच्यातली थोरली नुसती हळू म्हणाली, "म्हैस." आणि सगळ्या ओळीने, आधी मागून, मग मधे तो थांबा, मग उभ्या. त्या थांब्यात तालमीत एवढी शांतता होती की खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा आणि त्यात तरंगणारी लाल माती मला कितीतरी वेळ दिसत राहिली. वर्षानुवर्षं मी त्या 'जरा थांबून'वर नाक मुरडत होतो. आत काय आहे ते कधी बघितलंच नव्हतं. तू तिथंच राहायचास की रे.

काल इथवर लिहून थांबलो होतो. आज सकाळी मजकूर छापखान्यात दिला. म्हैस आहे. होती त्याच जागी, एक शब्द न बदलता. पण मी माझा हेका अगदीच सोडला असं समजू नकोस. खाली बारीक टाइपात एक टीप घातली आहे. "हा परिच्छेद वस्तादांचा नाही." इथपर्यंत माझं. ते खरं आहे आणि ते मी लिहिणारच होतो. पुढं काय लिहावं ह्यावर अडलो. चहा निवला. एकदा वाटलं, 'अज्ञात' लिहावं. तो पुस्तिकेतला माणूसही कुणीतरी होताच, म्हशीजवळ उभा राहिलेला, त्याला मनातल्या मनात नमस्कार केला. आणि मग लिहिलं, "हा गडमुडशिंगीच्या भूपालचा आहे."

पटत नसेल तर येऊन भांड. तू म्हणशील, मी कुठं लिहिलाय, मी तर नुसता उठलो. तेच म्हणतोय मी, लेका.

रोज पहाटे मला तोच घाट दिसतो. धुकं आहे, पाणी दिसत नाही आणि त्या पाण्यात तू बसला आहेस. मी हाक मारत नाही. हात धरून ओढतही नाही. तुला वाटेल तेव्हा ऊठ, आधी मागचे पाय, मधे हवा तेवढा थांब. माझ्याकडे बघू नकोस. मी कुठं उभा आहे ते तुला ठाऊक आहे.